गुडघ्यावरची पट्टी

मामींच्या घरी काम करणारी बाई दारावर थापा मारून थकली, तेव्हा ती आमच्याकडे आली. "अम्मा दार उघडत नाहीत," ती तमिळमध्ये म्हणाली. "आतून पंख्याचा आवाज येतो आहे. हाका मारल्या, ओ देत नाहीत."

मी त्या दिवशी घरी होते, हा निव्वळ योगायोग. मी भूलतज्ज्ञ. नवऱ्याची रेल्वेतली बदली चेन्नईला झाली म्हणून नागपूर सोडून इथे आले आणि टी. नगरच्या बाजूला एका मध्यम आकाराच्या इस्पितळात लागले. आदल्या दिवशी ऑपरेशनं लांबली होती म्हणून सकाळची सुट्टी मागून घेतली होती. वेस्ट मांबलमच्या आमच्या इमारतीत तेव्हा आम्ही नवखेच होतो. तमिळ बोलायला लागले की भाजीवाली हसायची. या सगळ्यात मामी म्हणजे आधार. त्या समोरच्या दारात राहायच्या. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, पिढ्यान् पिढ्या इकडेच वाढलेल्या. मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "तूं मराठी आहेस कीं! बेस जाहलें. माझी सून तर घरांत इंग्रजीच बोलते." सगळं मांबलम त्यांना मामी म्हणे, म्हणून मीही मामीच म्हणू लागले. मुलगा इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता, सून पेरुंगुडीच्या आयटी कंपनीत. दोघं सकाळीच बाहेर पडत. दिवसभर मामी आणि त्यांचे दुखरे गुडघे, एवढेच घरात. म्हणून त्यांची एक किल्ली आमच्याकडे असायची.

दार उघडलं. मामी पलंगावर उताण्या झोपल्या होत्या. पंखा चालू होता, खिडकी बंद होती आणि खोलीत कढत वाफ भरल्यासारखं वाटत होतं. ते कत्तिरीचे दिवस होते. मे महिन्यातल्या त्या उन्हाला इकडे कत्तिरी म्हणतात, आणि त्या दिवसांत माणसं भर दुपारी रस्त्यावर पाऊल टाकत नाहीत. मामींच्या गुडघ्यांवर गरम पाण्याची रबरी पिशवी होती.

पहिल्यांदा मला वाटलं, गाढ झोपल्या आहेत. मग मी त्यांच्या छातीकडे बघत उभी राहिले. एक श्वास आला. मी दुसऱ्याची वाट बघितली. माझ्या कामात दिवसभर दुसऱ्यांचे श्वास बघत बसायचं असतं, त्यामुळे किती वेळ थांबणं ठीक आणि किती नाही, हे विचार न करता कळतं. दुसरा श्वास फार उशिरा आला. ओठ निळसर होते. मी पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

असं मी रोज बघते, पण ऑपरेशनच्या टेबलावर. तिथे डोक्याशी ऑक्सिजन असतो, हाताशी नळी असते, आणि ती अवस्था मीच आणलेली असते. मांबलमच्या झोपायच्या खोलीत, फुलाफुलांच्या चादरीवर ती मी कधीच बघितली नव्हती.

"मामी! श्वास घ्या!" मी कानाशी ओरडले.

त्यांनी घेतला. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांचं हेच असतं. माणूस श्वास घ्यायचं विसरतो, पण कुणी सांगितलं तर घेतो. मी खांदा हलवत ओरडत राहिले आणि दुसऱ्या हाताने ती पिशवी फेकून दिली. साडी वर सरकवली. दोन्ही गुडघ्यांवर एकेक पारदर्शक, चौकोनी पट्टी चिकटवलेली होती. मी वाकून वाचलं. बारीक, फिकट अक्षरांत औषधाचं नाव छापलेलं होतं. फेंटानिल.

क्षणभर मला ते नाव तिथे असू शकतं हेच पटेना. आमच्याकडे ते भुलीचं, मॉर्फिनहून कितीतरी जहाल औषध कडीकुलपात असतं. एकेक काचेची कुपी मोजून मिळते आणि रिकामी झालेलीसुद्धा परत करावी लागते. त्याच्या पट्ट्या कॅन्सरच्या रोग्यांसाठी असतात. मॉर्फिनचीही ज्यांना सवय झाली आहे, अशांसाठी. त्वचेतून औषध थेंबाथेंबाने आत जात राहतं. गुडघेदुखीच्या म्हातारीला ती कुणी लावत नाही. आणि वरून शेक दिला तर जे तीन दिवसांत जायचं ते भराभर आत शिरतं.

मी पट्ट्या ओरबाडून काढल्या आणि ओल्या फडक्याने कातडी पुसली. कामवालीला म्हटलं, "खाली सेक्रेटरींना सांग, गाडी काढा. आत्ता." अँब्युलन्सची वाट बघण्यात अर्थ नव्हता. तोवर मी इस्पितळात फोन लावून कॅज्युअल्टीतल्या मुलीला सांगितलं, "ऑपरेशन थिएटरमधून नालोक्सोन आणून ठेव. असेल तेवढं सगळं."

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची गाडी बहुतेक वेळ आच्छादनाखालीच असे. पण त्या दिवशी त्यांनी ते ओढून फेकलं आणि लुंगीवरच गाडीत बसले. वॉचमन आणि मी मिळून मामींना मागच्या सीटवर आडवं केलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि दर काही क्षणांनी सांगत राहिले, "मामी, श्वास घ्या. घ्या श्वास." दुरैसामी सबवेच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागली होती. रेल्वेखालून पलीकडे गेल्याशिवाय टी. नगर नाही. सेक्रेटरी हॉर्नवरून हात काढत नव्हते. पुढे एक बस आडवी झाली होती.

तिथे मामींनी माझं ऐकणं सोडलं. मी सांगितलं, श्वास आला नाही. पुन्हा सांगितलं, गालावर चापट मारली. नाहीच. मी त्यांची हनुवटी वर केली, नाक चिमटीत धरलं, आणि माझा श्वास त्यांना द्यायला लागले. सबवेतल्या अंधारात, गरम गाडीत, शेजारच्या स्कूटरवाल्यांच्या नजरेसमोर. सेक्रेटरी आरशात बघून म्हणाले, "आहेत ना?" मला बोलायला सवड नव्हती. मी हाताने पुढे चला अशी खूण केली.

इस्पितळाच्या दारात माझी माणसं उभी होती. शिरेत नालोक्सोनचा उतारा गेला आणि थोड्याच वेळात मामींनी लांब श्वास घेतला, डोळे उघडले, आणि माझ्याकडे बघून तमिळमध्ये रागावल्या, "एवढा आरडाओरडा कशाला?"

सेक्रेटरी भिंतीला टेकून खाली बसले.

*

उतारा लवकर ओसरतो, पट्टीतलं औषध ओसरत नाही. पट्टी काढली तरी कातडीखाली साठलेलं औषध रक्तात उतरत राहतं. हे मी मामींच्या मुलाला समजावून सांगत होते, पण तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. कारखान्यातून धावत आला होता, आणि आईला बसून कॉफी मागताना बघून त्याचा जीव भांड्यात पडला होता. "अक्का, बऱ्या आहेत ना आता? संध्याकाळी घरी नेतो," तो म्हणाला.

"उद्यापर्यंत नाही," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी उगाच ताणते आहे. संध्याकाळी तो आईला इडली भरवत होता. मामी बोलत होत्या. सुनेनं पाण्याची मोटर बंद केली का, असं काहीतरी विचारत होत्या. वाक्य अर्धं राहिलं. मुलगा घास हातात धरून थांबला, त्यांची मान हळूहळू छातीवर आली. त्याची हाक ऐकून मी पडद्याआडून धावले. बाहुल्या पुन्हा टाचणीएवढ्या. पुन्हा उतारा, पुन्हा तो लांब श्वास. या वेळी मी सलाइनमधून उतारा चालूच ठेवला आणि आयसीयूत हलवलं. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. घरी नेलं असतं तर काय झालं असतं, हे त्याला आता वेगळं सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी पुरत्या शुद्धीवर होत्या. मी पलंगाच्या कडेला बसले आणि विचारलं, "मामी, त्या पट्ट्या कुणी दिल्या?"

त्या छताकडे बघू लागल्या.

"मामी."

"तो बेस पोर आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या यजमानांचें सगळें त्यानेंच केलें. इंजेक्शनें, ड्रेसिंग, सगळें. त्यास कांहीं बोलूं नको."

तेव्हा मला कळलं. आमच्या गल्लीत सगळे त्याला ओळखत. चाळिशीतला, नेहमी इस्त्रीचा पांढरा शर्ट, सायकलला अडकवलेली रेक्झिनची पिशवी. पूर्वी कुठल्यातरी इस्पितळात वॉर्डबॉय होता, आता घरोघरी जाऊन इंजेक्शनं द्यायचा, जखमा बांधायचा, अंथरुणाला खिळलेल्यांना पुसून काढायचा. म्हाताऱ्या माणसांशी फार गोड बोलायचा.

"तुम्हाला काय सांगितलं त्यानं?"

"बाहेरदेशचें प्लास्टर. गुडघ्यास लावलें कीं वली जाते." वली म्हणजे दुखणं, तमिळ शब्द. "आणि गेली ग, डॉक्टरीण. खरेंच गेली. दोन दिवस मी देवापुढें मांडी घालून बसलें. किती वर्षांनीं बसलें, ठाऊक आहे तुज?"

"मग दोन का लावल्या?"

"एका गुडघ्यास लावली तर दुसऱ्याने काय करावें?" त्या म्हणाल्या, आणि त्याही परिस्थितीत मला हसू आलं. मग त्यांनी सहज सांगितलं, "मी एकटीच नाही. अस्के घेतात त्याच्याकडून. आमच्या भजनाच्या बायका, कोपऱ्यावरचा टेलर, पुष्कळ जण."

माझं हसू तिथेच थांबलं. बाहेर कत्तिरीचं ऊन होतं. ते अस्के, म्हणजे ते सगळे, या क्षणी कुठे होते? कोण शेकत होतं, कोण झोपलं होतं, कुणाचं दार बंद होतं?

*

मामींनी बरीच कां कू करून फोन केला. त्याला एवढंच म्हणाल्या, "मी इस्पितळांत आहे, ये." तो लगेच आला. हातात सफरचंदांची पिशवी होती. मामींच्या पायांशी उभा राहून त्याने हात जोडले. मग मला बघितलं आणि माझ्या हातातल्या पट्ट्या बघितल्या. त्या मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवल्या होत्या.

"हे काय आहे माहीत आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"पेन प्लास्टर, मॅडम. चांगलं आहे. डॉक्टर लोक मोठ्या माणसांना देतात."

"कुणाला देतात?"

त्याने सफरचंदांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "कॅन्सरवाल्यांना. पण दुखणं म्हणजे दुखणंच ना, मॅडम? त्यांचं एवढं मोठं दुखणं जातं, तर गुडघ्याचं का नाही जाणार?"

त्या उत्तरात लबाडी नव्हती, हेच भयंकर होतं. लबाडी होती ती वेगळ्या जागी. कॅन्सरचा रोगी गेला की घरात उरलेल्या पट्ट्या हा माणूस गोड बोलून मागून घ्यायचा. शिवाय त्याच्या जुन्या ओळखीचा एक वॉर्डमधला माणूस चोरून आणून द्यायचा. खोकी फेकून तो सुट्या पट्ट्या विकायचा. आतला कागद त्याने कधी वाचलाच नव्हता. इंग्रजीत होता.

मी त्याला तिथेच, मामींच्या समोर सांगितलं की काल सबवेमध्ये या बाईंचा श्वास थांबला होता. त्याला खरं वाटेना. मामींनी मान हलवली. "होय रे," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "मी गेलेच होते." त्याचा चेहरा बघता बघता उतरला. सफरचंदांची पिशवी त्याने खाली ठेवली, ती कलंडली, एक फळ पलंगाखाली गेलं. कुणी उचललं नाही.

"आत्ता ज्यांच्या अंगावर आहेत त्या सगळ्यांची घरं दाखवायची," मी म्हटलं. "पोलीस, ड्रग इन्स्पेक्टर, ते सगळं मी नंतर करणार आहे, हेही ऐकून ठेवा. पळून जायचं असेल तर घरं दाखवून पळा."

तो पळाला नाही. सायकल इस्पितळात सोडून माझ्याबरोबर रिक्षात बसला. माझ्या पिशवीत उताऱ्याची इंजेक्शनं होती आणि तोंडाने श्वास द्यायचा रबरी फुगा होता. मामींचा मुलगाही आला. तो त्या माणसाकडे बघतसुद्धा नव्हता, मुठी वळून बसला होता. मला भीती वाटत होती की हा त्याला रिक्षातच मारेल.

पहिलं घर भजनातल्या एका बाईंचं. मी दोनदा बेल वाजवली. त्या स्वतः चालत आल्या तेव्हा मी दाराची चौकट धरली. त्यांनी पट्टी कात्रीने कापून अर्धी स्वतः लावली होती आणि अर्धी त्रिचीच्या बहिणीसाठी ठेवली होती. कापल्यावर आतलं औषध सगळं एकदम बाहेर येतं, हे कुणी सांगितलं असतं त्यांना? "सकाळपासून मळमळतंय आणि झोप येते," त्या म्हणाल्या, "उन्हामुळे असेल." पट्टी काढली, कातडी पुसली, आणि त्यांच्या मुलाला बोलावून त्यांना इस्पितळात पाठवून दिलं.

टेलर मात्र पट्टी काढू देईना. मशीनवर पाय चालवत तो म्हणाला, "तुम्हाला पाठ नाही दुखत, मॅडम, म्हणून तुम्ही सांगता. मला हे काम दिवसभर बसून करावं लागतं." माझं तमिळ अशा वेळी धाप लागल्यासारखं व्हायचं. शब्द सापडत नव्हते. शेवटी तो इंजेक्शनवालाच पुढे झाला. "अण्णा," तो म्हणाला, "मीच दिली, मीच सांगतो, काढ. मला माहीत नव्हतं. मामी मरता मरता वाचल्या." टेलरने मशीन थांबवलं आणि शर्ट वर केला.

अशी काही घरं झाली. मग तो एका जुन्या, बैठ्या घरासमोर थांबला. पुढे तुळशीच्या कुंड्या होत्या आणि दारातली कोलमची रांगोळी पुसट झाली होती. "इथे आजोबा आहेत, पाठीचं दुखणं," तो म्हणाला. मी बेल वाजवली. पांढऱ्या साडीतल्या एका बाईंनी दार उघडलं. मागच्या भिंतीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो होता. त्याला ताजा हार होता आणि पुढे दिवा जळत होता.

इंजेक्शनवाल्याने तो फोटो बघितला. तो पायरीवरच राहिला. चप्पल काढायला वाकला होता, तसाच खाली बसला.

बाईंनी मला आत बोलावलं, पाणी दिलं. माझं काम काय आहे हे मी अडखळत सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ते गेल्या आठवड्यात गेले. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. सगळे म्हणाले पुण्यवान माणूस, झोपेत गेला." त्या उठल्या आणि फोटोखालच्या खणातून एक पट्टी काढून आणली, न वापरलेली. "ही उरली आहे. हीच का?"

मी मान हलवली.

"मग यानेच गेले का ते?"

मी आजवर अनेक नातेवाइकांना वाईट बातम्या सांगितल्या आहेत. पण ते कळायची वाट बघत बाहेर उभे असतात. या बाईंची समजूत घालून झाली होती. तेराव्याचं गोड जेवण व्हायचं होतं, आणि मी त्यांच्या घरात शिरून ती समजूत उसवायला बसले होते. मामींचा मुलगा खाली बघत होता.

"मला माहीत नाही, अम्मा," मी म्हटलं. "असू शकतं. नसूही शकतं. आता कुणालाच सांगता येणार नाही."

"त्यांचं वय झालं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"दुखलं नसेल?"

"दुखलं नसेल. हे मी नक्की सांगते."

त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. बाहेर आलो तेव्हा इंजेक्शनवाला पायरीवर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. बाई दारापर्यंत आल्या, त्याच्याकडे बघत राहिल्या. दार त्यांनी लावून घेतलं नाही. मामींच्या मुलाने त्याचा दंड धरून त्याला उठवलं. मारायला नव्हे. त्याला स्वतःहून उठता येत नव्हतं.

उरलेली घरं दाखवून झाल्यावर त्याच संध्याकाळी तो मामींच्या मुलाबरोबर पोलीस ठाण्यात गेला.

*

सगळं इथे संपलं असतं, पण त्याला आठवलेली घरं तेवढीच खरी असं कुणी सांगावं? लोक पट्ट्या बहिणीला, व्याह्याला, शेजाऱ्याला देत होते. म्हणून मी इमारतीच्या फलकावर सूचना लावायची ठरवली आणि एक सभा घ्यायची. सेक्रेटरींनी मजकूर वाचला आणि चष्मा काढला.

"डॉक्टर, 'ड्रग' हा शब्द काढा. 'पोलीस' पण काढा. लोक म्हणतील या इमारतीत ड्रग्ज सापडले. मुलींची लग्नं व्हायची आहेत."

"त्या दिवशी गाडी तुम्हीच चालवत होतात," मी म्हटलं.

"म्हणूनच म्हणतो. देवाच्या कृपेनं वाचल्या. आता कशाला ओरडायचं?"

आम्ही बराच वेळ भांडलो. माझा आवाज चढला, त्यांच्या बायकोने येऊन कॉफी ठेवली आणि दोघांकडेही न बघता निघून गेली. शेवटी ते म्हणाले, सभा घ्या, पण मी अध्यक्ष नाही. सूचना मात्र त्यांनीच दुसऱ्या दिवशी स्वतःच्या सुंदर तमिळ अक्षरात लिहून लावली. 'ड्रग' शब्द नव्हता. 'विषारी प्लास्टर' असं होतं. मला ते माझ्या शब्दापेक्षा बरं वाटलं.

सभा संध्याकाळी गाड्या लावायच्या जागेत झाली. खुर्च्या मांडल्या होत्या त्यातल्या निम्म्या रिकाम्या. आलेल्यांत काही जण मला ऐकायला नव्हे, बघायला आले होते. मी बोलायला लागले. कॅन्सरच्या रोग्याचं शरीर आणि आपलं शरीर, उष्णता, कापणं, हे सगळं मी नीट तयार करून आणलं होतं. मधल्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "हिंदीवाल्या डॉक्टरला आमच्या औषधांत काय चूक दिसते?" कुणी हसलं. मी हिंदीवाली नाही हे सांगायचंही मला सुचलं नाही. ज्यांच्या खणात अजून पट्टी होती ते याच खुर्च्यांवर बसलेले असणार, आणि माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

तेव्हा मामी उठल्या. मुलाच्या आधाराने पुढे आल्या आणि आमच्या मराठीत नाही, ठणठणीत तमिळमध्ये बोलल्या. त्यांनी औषधाबद्दल काही सांगितलं नाही. आपण किती वर्षांनी मांडी घालून बसलो, किती छान वाटलं, हे सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि मग मी मेले. गाडीत, सबवेच्या मध्ये. मला काही कळलं नाही. तुम्हालाही कळणार नाही. कुणाला भीती वाटली तर तो उठून काहीतरी करेल ना? यात भीतीच वाटत नाही." त्या थांबल्या. "माझं घर उघडायला समोर एक डॉक्टरीण होती. तुमच्यासमोर कोण राहतं?"

मग मागून कुणीतरी चालत आलं. त्या पांढऱ्या साडीतल्या बाई. त्या आल्या आहेत हेही मला ठाऊक नव्हतं. मामींच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, एवढंच. पण ते आजोबा झोपेत गेले हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं. ज्यांनी मघाशी प्रश्न विचारला होता ते गृहस्थ खाली मान घालून बसले.

दुसऱ्या दिवसापासून पट्ट्या येऊ लागल्या. कुणी रुमालात बांधून, कुणी मुलाच्या कंपासपेटीत घालून. एक आजी तर स्वतःच्या हातावरची काढून घ्यायला जिना चढून आल्या. मी प्रत्येक पट्टी चिकट बाजू आत घालून दुमडायची आणि इस्पितळात नेऊन जमा करायची. तिथून ड्रग इन्स्पेक्टरच्या माणसांनी त्या ताब्यात घेतल्या. मग शेजारच्या इमारतींनी बोलावलं, मग भजनाच्या मंडळाने. मामी माझ्याबरोबर यायच्या. मी औषध सांगायची, त्या मरण सांगायच्या. लोक त्यांचं ऐकायचे.

तो माणूस काही महिने तुरुंगात होता. वॉर्डमधला त्याचा साथीदार नोकरीवरून गेला आणि खटल्यात अडकला. सुटल्यावर हा मांबलमला परत आला नाही. विल्लुपुरमकडे शेती करतो असं कुणी म्हणे. त्याच्याबद्दल काय वाटतं ते मला नीट सांगता येत नाही. मामी शेवटपर्यंत त्याला बेस पोरच म्हणत आल्या.

मामींचे गुडघे मात्र दुखतच राहिले. सभा घेऊन कुणाची वली जात नाही. पुढच्या वर्षी त्यांनी ऑपरेशनला होकार दिला. आदल्या दिवशी मी त्यांना भूल कशी देणार ते समजावत होते. त्यांनी मध्येच थांबवलं.

"तेंच औषध देणार?"

"त्यातलंच थोडं, मामी. नको असेल तर दुसरं देते."

त्यांनी चादरीची कड सारखी केली. "तूं उठून जाणार नाहीस ना मधेंच, कॉफीस बिफीस?"

"नाही."

"मग दे."

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी त्यांना चालवायला आलेल्या फिजिओथेरपीच्या मुलाला त्यांनी कॉरिडॉरभर तमिळमध्ये शिव्या दिल्या. तो हसत पुढे, त्या वॉकर आपटत मागे. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी पोचल्या तेव्हा थांबल्या, त्याच फिजिओथेरपीच्या पोराला म्हणाल्या, "हात धर," आणि चढल्या.